मधल्या टक्क्यांची पोरं

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सावनेरचं नाव येतं ते एकाच कारणानं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला इथं, भावाच्या घरी वारले. वय अवघं तेहतीस. फर्ग्युसनात गेलेल्या या माणसानं पदवी घेतली नव्हती, ही गोष्ट आमच्या गावात दोन जातींच्या लोकांच्या तोंडी असे: पुण्यतिथीला भाषण करायला आलेले पाहुणे आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षात गचकलेली पोरं. पाहुण्यांना मी काय बोलणार? पोरांना मात्र सांगायचो, "गडकऱ्यांची लेखणी असेल तर तुलाही डिग्री नको. नसेल तर गुमान फॉर्म भर."

मी शाळेत बाबू होतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लागलो आणि दाखले लिहिता लिहिता रिटायर झालो. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलापुढं बापांची रांग लागायची. पहिल्या आलेल्या पोराचा बाप रांगेत नसायचाच. त्याच्याकडे हेडमास्तर स्वतः पेढे खायला जात. नापास पोराचा बापही नसायचा, त्याला ऑक्टोबरची परीक्षा होती. रांगेत उभे राहायचे ते पंचेचाळीस ते साठ टक्क्यांमधले. "बाबूजी, पोट्ट्याले बावन पडले. आता याले कुठं टाकू?" मी विचारायचो, पोराला विचारलं का? "त्याले काय विचाराचं?" पोरगा बापाच्या मागं चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभा.

गुणवंतांचे फोटो पेपरात छापून येतात, म्हणून त्यांचा इतिहास आयता मिळतो. या मधल्यांचा मात्र कोणी लिहिला नाही, आणि गाव तर त्यांच्यावरच चालतं. कोळसा खाणीतला फोरमन, बँकेतला कॅशियर, एसटीचा कंट्रोलर, झेडपीच्या शाळेतल्या मॅडम, सगळे याच रांगेतून गेलेले.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ ला निघालं, मॉरिस १८८५ ला. परीक्षा आधी कलकत्त्याची, मग अलाहाबादची. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९२३ ला. सावनेर ते नागपूर अंतर काही फार नाही, बसनं तासाभराचं. पण कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या हिशेबात तेव्हा नागपूरचं कॉलेज म्हणजे पोराला दुसऱ्याच्या दारात ठेवणं. नातेवाइकाचा ओटा, नाहीतर आपल्या जातीचं बोर्डिंग. एवढी उठाठेव हुशार पोरासाठी होई. मधल्यासाठी बाप म्हणे, "वखर हाकल, पुरे झालं."

हे चित्र बदललं ते कोणत्याही कॉलेजानं नव्हे, रेल्वेनं. बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी छोटी लाईन इतवारीहून कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी करत सावनेरला यायची आणि पुढं केळवद, सौंसर करत छिंदवाड्याला जायची. डबे लाकडी बाकांचे, चाल अशी की चढावर पोरं उतरून संत्री तोडून परत गाडीत बसत, असं जुने लोक सांगत. थोडा मसाला त्यांनी घातला असेल. पण त्या गाडीनं आमच्या भागाला अपडाऊन दिलं. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी जेवायला यायचं. पुढं एसटी आली, विद्यार्थ्यांची पास आली, आणि मधल्या टक्क्यांच्या पोराचं कॉलेज बापाच्या आवाक्यात आलं. खोलीचं भाडं द्यायला बाप कां-कूं करी. पासचे पैसे मात्र देई, कारण त्यात पोरगा रात्री घरीच असे आणि रविवारी शेतावर. माझं स्पष्ट मत आहे की सावनेर तालुक्यात उच्च शिक्षण खरं आणलं ते या पासनं.

पैशाची दुसरी बाजू सरकारनं उचलली. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून होती; त्यामागं डॉ. आंबेडकर होते. १९५९ ला यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना फी माफ केली. हीच ती ईबीसी. १९६४ ला दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय निघालं आणि आमच्याकडची कितीतरी बौद्ध घरांतली पोरं तिथं गेली. त्यांचे बाप मला कधीच "कुठं टाकू" विचारायला आले नाहीत. त्यांना ते आधीच ठाऊक असायचं. ते फक्त दाखला लवकर मागायचे.

पोरींचं गणित निराळं. त्यांच्या बाबतीत माय यायची. नागपुरात १९३२ पासून मुलींसाठी वेगळं कॉलेज होतं, लेडी अमृतबाई डागा, सगळे एलएडी म्हणतात. पण मायचा प्रश्न कॉलेजचा नसायचाच. शेवटची बस किती वाजता? पोरगी उजेडी घरी येईन का? सायन्सची प्रॅक्टिकलं दुपारनंतर चालत, म्हणून साठ टक्के मिळालेली पोरगी आर्टला गेली आणि पन्नासवाला तिचा भाऊ सायन्सला. विद्याशाखा गुणांवर ठरते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्याकडं ती एसटीच्या टाइमटेबलावर ठरे. या पोरींना वाचवलं डी.एड.नं. दोन वर्षांत हातात नोकरी, तीही बहुधा गावाजवळ. पुढं डी.एड.ची कॉलेजं इतकी निघाली की मास्तर जास्त झाले आणि शाळा कमी. भरती थांबली, २०१३ ला टीईटी आली, आणि तो रस्ताही आटला.

१९७५ ला नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली. त्याआधी अकरावी मॅट्रिक. नव्या आकृतिबंधानं बापाला एक नवीच जबाबदारी दिली: पंधरा वर्षांच्या पोराचं आयुष्य जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तीन तुकड्यांपैकी एका तुकडीत टाकायचं. ज्याला जमतं त्याला सायन्स, दुकान असलेल्याला कॉमर्स, उरलेल्याला आर्ट, अशी सरळ वाटणी लोकांनी करून टाकली. मधल्या टक्क्यांची कितीतरी पोरं हट्टानं सायन्सला गेली आणि बारावीत चाळीसवर आली. शेजारच्या काटोल तालुक्यातले श्रीकांत जिचकार तेव्हा पदव्यांवर पदव्या घेत होते. आयएएस झाले, सोडली, आमदार झाले, मंत्री झाले. त्यांचं उदाहरण देऊन बापांनी पोरांना जितकं छळलं तितकं कोणत्याच मास्तरानं छळलं नसेल. जिचकार लाखात एक होते, आणि दाखल्याच्या रांगेत उरलेले असतात.

मग आलं १९८३. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. १९८४ ला एकट्या नागपुरात रामदेवबाबा, यशवंतराव चव्हाण आणि केडीके अशी तीन कॉलेजं उभी राहिली. तोवर इंजिनिअर व्हायचं तर व्हीआरसीई किंवा एलआयटी, म्हणजे मधल्यांसाठी बंद दार. आता दार उघडलं, पण त्याला किंमत होती. डोनेशन हा शब्द आमच्या संत्रेवाल्यांनी कोणत्याही खताच्या नावापेक्षा लवकर शिकला. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चात निघते, जूनमध्ये ॲडमिशन, म्हणजे पैसा नेमका हातात. आंबियावाल्याला मात्र व्यापाऱ्याकडून पुढच्या बहाराची उचल घ्यावी लागे. बाग कोवळ्या फळावर देऊन पोराची सीट घेतलेले बाप मी पाहिले आहेत. काहींचं सोनं झालं. काहींची पोरं चौथ्या वर्षापर्यंत एटीकेटी घेत राहिली आणि बाग डिंक्यानं गेली. १९८७ ला कॅपिटेशन फीच्या विरोधात कायदा झाला, १९९३ ला सुप्रीम कोर्टानं उन्नीकृष्णन खटल्यात फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी घालून दिली. रांगेतल्या बापांना कोर्टाचं नाव माहीत नव्हतं. फ्री आणि पेमेंट हे दोन शब्द मात्र पाठ झाले.

शहाण्या बापांनी वेगळी वाट धरली, आणि तिचं श्रेय मी खाणीतल्या लोकांना देतो. १९७५ ला वेस्टर्न कोलफिल्ड्स झाली, नागपूर मुख्यालय, आणि सावनेर, सिल्लेवाडा, वलनी या पट्ट्यात पगाराची नोकरी काय असते ते लोकांनी पाहिलं. खाणीतला माणूस कागदाला भुलत नाही. सर्टिफिकेटनं काय काम मिळतं ते तो आधी विचारतो. त्यांनी दहावीच्या पन्नासवाल्या पोराला आयटीआयला घातलं, फिटर नाहीतर इलेक्ट्रिशियन. जरा बऱ्याला नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात मायनिंगच्या डिप्लोमाला. तिथून ओव्हरमनची परीक्षा. शिवाय डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, हे बारावीत आपटणाऱ्या कितीतरी पोरांना उशिरा कळलं. खाणवाल्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. दहावीला चोपन्न टक्क्यांचा पोरगा मागच्या दारानं बी.ई. झाला की पुढच्या दारानं गेलेल्यापेक्षा त्याचा हात यंत्रावर जास्त बसलेला असे.

रिटायर झाल्यावरही लोक फॉर्म घेऊन घरी येतात. आता टेबलाऐवजी ओटा आणि फॉर्मऐवजी मोबाईल. असंच एकदा धार्मिक अल्पसंख्याकांची यादी बघताना ज्यू हे नाव दिसलं. महाराष्ट्र सरकारनं २०१६ ला ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. सावनेरात काही ज्यूंचं घर नाही. पण कोकणातले बेने इस्राएल हे आपलेच, घरात मराठी बोलणारे, तेलाच्या घाण्यांवर पोट असलेले आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. त्यांच्या बापांनी काय केलं असेल, अशी उत्सुकता मला लागली.

मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७५ ला समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढं सर एली कदूरी शाळा झाली. मुलं बहुतेक कारकून, कारागीर, शिपाईगडी यांची. या समाजात हुशारांची उणीव नव्हती. जेरुशा झिराड शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, १९१९ ला एम.डी. झाल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. पण झिराड यांना शाळा नसती तरी शिष्यवृत्ती सापडली असती, असं मला वाटतं. केहिमकरांची शाळा होती ती बाकीच्यांसाठी: रेल्वेत, पोस्टात, हॉस्पिटलात, पलटणीत जाणाऱ्यांसाठी. पुढं साठच्या दशकात ओआरटी या जागतिक ज्यू संस्थेनं मुंबईत तरुणांना हातातलं काम शिकवायला सुरुवात केली. तोवर निम्म्याहून अधिक समाज इस्राएलला निघून गेला होता किंवा जायच्या तयारीत होता, आणि तिकडं पदवीपेक्षा हातातलं काम आधी उपयोगी पडत होतं. आमच्या खाणवाल्यांनी आपल्या पोरांसाठी निवडलं तेच हे.

अमेरिकेतल्या ज्यू बापांची अडचण उलटी होती. त्यांची पोरं मार्कांत पुढं, म्हणून १९२२ ला हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यूंची संख्या १५ टक्क्यांवर रोखावी असा प्रस्ताव मांडला. तेव्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात पाचातला एक ज्यू होता. उघड कोटा झाला नाही, पण अर्जात फोटो, जन्मगाव, आईचं माहेरचं आडनाव विचारायला सुरुवात झाली. आडनावावरून माणूस ओळखायची कला आपल्याकडं शिकवावी लागत नाही, त्यामुळं हे वाचून मला नवल वाटलं नाही. तिथल्या गरीब ज्यूंनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा आधार घेतला, जिथं फी नव्हती आणि मेट्रोनं जाता येई. १९४८ ला समाजानं ब्रँडाइस नावाचं स्वतःचं विद्यापीठ काढलं आणि ते सगळ्यांना खुलं ठेवलं.

सावनेरात आता कॉलेजं आहेत, भालेराव विज्ञान महाविद्यालय आहे, तालुक्यात इतरही. छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली, तिच्या जागी मोठी आली. प्रवेश कॅपच्या फेऱ्यांनी होतो, यादी रात्री लागते. एकेकाळी सीट नव्हती म्हणून रडणारे बाप होते. आज रिकाम्या सीटवाल्या कॉलेजांचेच लोक दहावी-बारावीच्या पोरांचे फोन नंबर गोळा करत गावोगाव फिरतात. पंच्याहत्तर टक्केवाल्याचा बाप आता तोंड लपवतो, ऐंशी पडले तरी म्हणतो, "जरा कमीच पडले." बापाचा प्रश्न मात्र तोच आहे, आणि पोराला विचारायचं अजूनही राहून जातं.

एक मागणं आहे, तालुक्यातल्या शाळांना. तुमच्याकडं दाखल-खारीज रजिस्टरं आहेत. त्यांत शाळा सोडल्याचं कारण असा एक रकाना असतो: पुढील शिक्षणासाठी, शेतीकामाकरिता, लग्नामुळे, आयटीआय प्रवेश. गावातला कोण पोरगा कुठं गेला, याची तेवढीच लेखी नोंद उरलेली आहे. काही शाळांनी इमारत पाडताना ही रजिस्टरं रद्दीत काढल्याचं ऐकतो. कृपा करून काढू नका. नवीन कपाट घ्यायला पैसे नसतील तर गावातल्या वाचनालयात ठेवा. आणि ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जुन्या पास, ॲडमिशनच्या पावत्या, बोर्डिंगची पत्रं पडून असतील, त्यांनी ती चुलीत घालण्याआधी एखाद्या माणसाला दाखवावी. माझा ओटा रोज संध्याकाळी रिकामाच असतो.