संशोधकाच्या नावापुढचे आकडे

वैद्यकीय किंवा जीवशास्त्रीय संशोधकाची ओळख आज तीन आकड्यांत करून दिली जाते: शोधनिबंध किती, सायटेशन म्हणजे इतरांच्या निबंधांत आलेले त्यांचे उल्लेख किती, आणि एच-इंडेक्स किती. पहिला आकडा कोणालाही मोजता येतो. दुसरा १९६४ पूर्वी सहजी काढता येत नसे. तिसरा २००५ पर्यंत अस्तित्वातच नव्हता.

उल्लेखांची सूची ठेवण्याची रीत विज्ञानात आली ती वकिलीतून. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये न्यायनिवाड्यांची सूची सुरू केली. एखाद्या निवाड्याचा दाखला पुढे कोणकोणत्या निवाड्यांत दिला गेला आणि तिथे तो मान्य झाला की फिरवला गेला, हे तीत खुणांनी दाखवलेले असे. रद्द ठरलेल्या निवाड्यावर युक्तिवाद उभारणे वकिलाला परवडणारे नव्हते. वैद्यकात १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केला. त्यावरून निबंध कुठे छापला आहे ते सापडे, पण पुढे कोणी तो वापरला हे कळत नसे.

ही उणीव यूजीन गारफील्ड यांनी हेरली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयातील सूचीकरणाच्या प्रकल्पात त्यांनी काम केले होते आणि शेपर्डच्या सूचीची माहिती त्यांना ती काढणाऱ्या कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याकडून मिळाली. १९५५ मध्ये ‘सायन्स’मधील लेखात त्यांनी विज्ञानासाठी तशीच सूची सुचवली. सदोष किंवा कालबाह्य माहितीचा डोळे झाकून होणारा वापर थांबावा, हा त्यामागचा एक उद्देश होता. जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी कल्पना उचलून धरली, सरकारी अनुदान मिळाले आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाहेर पडला. त्यात १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतील संदर्भ होते. शेपर्डच्या खुणा मात्र या सूचीत आल्या नाहीत. उल्लेख गौरवाचा असो वा खंडनाचा, तो एकच धरला जाऊ लागला. गोवराच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा ‘लॅन्सेट’मधील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्याच्या नावावरचे बरेचसे उल्लेख त्याला खोडून काढणारे आहेत, तरी बेरजेत तेही धरले जातात.

मोजणी सुरू झाल्यावर शिखरावर जे सापडले ते अनपेक्षित होते. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध द्रावणातील प्रथिनांचे प्रमाण निळ्या रंगाच्या गडदपणावरून कसे मोजावे, एवढेच सांगतो. ‘नेचर’ने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत त्याचे ३ लाखांहून अधिक उल्लेख भरले. प्रथिने वेगळी करण्याची लेमली यांची १९७० ची रीत आणि प्रथिने मोजण्याचीच ब्रॅडफोर्ड यांची १९७६ ची रीत त्याच्या मागोमाग होत्या. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडणारा १९५३ चा निबंध पहिल्या शंभरांतही नव्हता. कारण साधे आहे. प्रयोगाची कृती वापरणाऱ्याला तिचा संदर्भ द्यावाच लागतो. मूलभूत शोध मात्र काही वर्षांत पाठ्यपुस्तकात शिरतो आणि त्याचा संदर्भ देण्याची गरज उरत नाही. हा आपला काही थोर निबंध नव्हे, हे लाउरी स्वतःही मान्य करत.

इम्पॅक्ट फॅक्टर हे याच सूचीचे उपफळ. कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत हे ठरवण्यासाठी गारफील्ड आणि अर्व्हिंग शेर यांनी तो योजला. मागच्या दोन वर्षांतील मजकुराला चालू वर्षी मिळालेले उल्लेख भागिले त्या दोन वर्षांतील संशोधन व समीक्षा लेखांची संख्या, असे त्याचे गणित. संपादकीये आणि पत्रे भाजकात धरली जात नाहीत, पण त्यांना मिळालेले उल्लेख वर जमा होतात. नियतकालिकाची ही सरासरी पुढे त्यात लिहिणाऱ्या माणसाला चिकटवली गेली. गैरवापर खरा इथेच झाला. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने नेमणुका आणि अनुदानांसाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये, असे बजावले. त्याआधी, २००५ मध्ये, सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स मांडला होता: किमान २० उल्लेख असलेले २० निबंध असतील, तर एच २०. हा आकडा कमी कधीच होत नाही, त्यामुळे तरुण संशोधक त्यात मागेच दिसतो.

भारतात या मोजमापाचा संबंध थेट बढतीशी जडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या प्रकाशनांना गुण ठेवले, तर मेडिकल कौन्सिलने २०१५ मध्ये वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांच्या अटी नव्याने घातल्या. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना आयते गिऱ्हाईक मिळाले. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पाहणी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध केली, त्यातली बहुसंख्य नियतकालिके निकृष्ट ठरली. त्याच वर्षी आयोगाने हजारो नावे यादीतून वगळली आणि २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी आणली. तिच्या छाननीचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाकडे होते. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली आणि नियतकालिकाची पारख करण्याचे काम पुन्हा ज्या त्या संस्थेकडे गेले.