टायरनिवड : रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्‌स कारची

स्पोर्ट्‌स कारचे मूळ टायर झिजल्यावर किंवा त्यांचे रबर जुने होऊन कडक पडल्यावर त्यांच्या जागी कोणते टायर बसवावेत, याचा निर्णय म्हणजे टायरनिवड. त्यात माप, भारक्षमता, वेगचिन्ह, रबराचा प्रकार, नक्षीची खोली आणि उत्पादनाची तारीख या सगळ्यांचा विचार करावा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक खरेदीदार एकच प्रश्न विचारतात : कोरड्या रस्त्यावर सर्वांत जास्त पकड कोणत्या टायरची? शर्यतीच्या ट्रॅकवर हा प्रश्न रास्त आहे. रोजच्या रस्त्यावर मात्र तो चुकीच्या टायरकडे नेतो, कारण तिथे टायर क्वचितच पूर्ण तापतो, रस्ता केव्हाही ओला होतो आणि टायरचे निम्म्याहून अधिक आयुष्य झिजलेल्या अवस्थेत जाते. गाडी रस्त्यावरच चालणार असेल, तर थंड, ओला आणि निम्मा झिजलेला टायर कसा वागतो हे आधी पाहावे आणि कोरड्या रस्त्यावरची कमाल पकड नंतर, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

टायर जमिनीला किती टेकतो हे मोजून पाहिले की मुद्दा लवकर पटतो. सुमारे १,२४० किग्रॅ. वजनाच्या गाडीत प्रत्येक चाकावर साधारण ३१० किग्रॅ. भार येतो. हवेचा दाब ३५ पाउंड असेल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो, तर रबर जमिनीला टेकते ते जेमतेम १२५ चौ. सेंमी. टपाल खात्याचे १४ × ९ सेंमी.चे पोस्टकार्ड १२६ चौ. सेंमी. भरते. अशी चार पोस्टकार्डे गाडी रोखतात, वळवतात आणि पुढे ढकलतात. रबराची पकड दोन प्रकारांनी येते : एक, रस्त्याच्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटून, दुसरी, खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबून पुन्हा उसळताना रबर जी ऊर्जा गिळते तिच्यातून. दोन्ही तपमानावर अवलंबून असतात. ट्रॅकसाठी बनवलेले रबर चांगले तापल्यावर सर्वोत्तम काम करते. ते तापमान सतत जोराने ब्रेक मारून आणि वळणे घेऊन येते. सिग्नल, गतिरोधक आणि रहदारी यांच्या रस्त्यावर ते येत नाही, आणि आले तरी दोन मिनिटांत उतरते. ज्या रबराची ख्याती ऐकून टायर घेतला, ते रबर मालकाला बहुतेक वेळ त्याच्या अकार्यक्षम अवस्थेतच भेटते.

टोयोटाची २०१२ साली आलेली ८६ ही गाडी या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, सुमारे २०० अश्वशक्ती. एवढ्या गाडीला रुंद, चिकट टायर सहज देता आले असते. तेत्सुया तादा यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी मात्र २१५/४५ आर १७ मापाचे मिशलाँ प्रायमसी एचपी हे टायर निवडले. हा टायर मुळात आरामदायी प्रवासी गाड्यांसाठीचा. प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या गाडीलाही तो शोभतो. यामागे काटकसर नव्हती, गाडीचा स्वभाव घडवण्याचा हेतू होता. कमी पकडीच्या टायरची मर्यादा कमी वेगाला येते आणि हळूहळू येते. मागची बाजू सरकू लागल्याचे चालकाला स्टिअरिंगमधून आणि बैठकीतून आधी कळते, सावरायला वेळ मिळतो. यावर नेहमीचा आक्षेप असा, की पकड जितकी जास्त तितकी सुरक्षितता जास्त, मग मुद्दाम कमी पकड कशाला? आणीबाणीच्या ब्रेकपुरता हा आक्षेप पूर्ण खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. पण वळणावर प्रश्न नुसत्या मर्यादेच्या उंचीचा नसतो, मर्यादेपलीकडच्या उताराचाही असतो. चिकट टायर खूप उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो, तोही जास्त वेगात. म्हणून ८६ च्या मालकाने प्रायमसीच पुन्हा घ्यावा असेही नाही. त्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड आजच्या मापाने बेताचीच आहे. मधला मार्ग कंपनीनेच पुढच्या पिढीत दाखवला : जीआर ८६ च्या वरच्या श्रेणीला २१५/४० आर १८ मापात मिशलाँ पायलट स्पोर्ट ४ दिला गेला. पाण्यात भक्कम धरणारा, थंड असतानाही काम करणारा असा तो रस्त्यासाठीचा टायर आहे. रुंदी मात्र तीच, २१५ मिमी.

ही रुंदी न वाढवणे महत्त्वाचे आहे. मालकांचा पहिला मोह रुंद टायरचा असतो, कारण रुंद म्हणजे रस्त्याशी जास्त संपर्क असे वाटते. वर पाहिले तसे, टेकणाऱ्या रबराचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. टायर रुंद केला की त्या पोस्टकार्डाचा आकार बदलतो. ते आडवे लांब आणि पुढे-मागे आखूड होते. कोरड्या वळणावर याचा फायदा होतो, हे नाकारता येत नाही. पाण्यात मात्र तोच आकार नडतो, कारण रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते आणि त्यासाठी लांबी कमी मिळते. शिवाय बाहेरचा व्यास बदलला तर वेगदर्शक चुकतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासू शकतो. २१५/४५ आर १७ चा व्यास सुमारे ६२५ मिमी. आणि २१५/४० आर १८ चा ६२९; हा फरक चालून जातो. प्रत्येक पर्यायी मापाचा हिशेब असाच कागदावर करून पाहावा.

पाण्याच्या बाबतीत अंदाजावर विसंबायचे कारण नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने विमानांच्या टायरांवर प्रयोग करून १९६३ मध्ये एक सूत्र मांडले. टायरमधील हवेच्या दाबाच्या (पाउंड प्रति चौ. इंच) वर्गमुळाला १०.३५ ने गुणले, की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा ताशी वेग मैलांत मिळतो. साचलेले पाणी नक्षीत मावत नसेल तेव्हाचे हे सूत्र आहे, म्हणजे गोटा झालेल्या टायरची ती स्थिती. ३२ पाउंड दाबाला हा वेग ताशी सुमारे ९४ किमी. येतो, हवा २५ पाउंडांवर उतरली असेल तर ८३. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किमी.ची परवानगी आहे. याचा अर्थ, जुलैतल्या एखाद्या सरीत कायद्याच्या आत राहूनही झिजलेल्या टायरांची गाडी तरंगू शकते, आणि तरंगणाऱ्या चाकाला ना ब्रेक कळतो ना स्टिअरिंग. खोल नक्षी पाण्याला वाट देते म्हणून हा वेग पुढे ढकलला जातो. रस्त्यासाठीच्या नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी. खोल असते, ट्रॅककडे झुकणाऱ्या टायरची ५ ते ६ मिमी. म्हणजे असा टायर जणू काही अंशी झिजलेल्या नक्षीनेच आयुष्य सुरू करतो. भारतात मोटारीसाठी किमान खोली १.६ मिमी. आहे, युरोपातही तेवढीच. ती दंड टाळण्याची रेषा झाली. पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्या वेगवान गाडीचा टायर ३ मिमी.च्या आसपास बदलणे शहाणपणाचे.

टायरच्या बगलेवरचे आकडे वाचता आले तर दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही. ‘८७ डब्ल्यू’ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५४५ किग्रॅ. आणि वेगमर्यादा ताशी २७० किमी. इतका वेग कधीच गाठायचा नाही, मग स्वस्तातला ‘एच’, म्हणजे २१० चा टायर का चालू नये? कारण हे चिन्ह नुसत्या वेगाचे नसते. त्यामागे टायरच्या सांगाड्याची बांधणी आणि उष्णता सोसण्याची ताकद असते, आणि गाडीची वळण्याची तऱ्हा त्याच बांधणीवर बेतलेली असते. मूळ टायरपेक्षा खालचे चिन्ह घेऊ नये. अमेरिकेतील झीज-अंकाबद्दल मात्र सावध राहावे. टेक्सासमधील ठरलेल्या रस्त्यावर ७,२०० मैल चालवून प्रमाण-टायरशी तुलना करतात आणि अंक कंपनी स्वतः देते. एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो बरा, दोन कंपन्यांचे तोलायला कुचकामी. हौशी स्पर्धांच्या काही वर्गांत किमान २०० अंकाची अट असते, त्यामुळे २०० छापलेले काही टायर वस्तुतः स्पर्धेसाठीच घडवलेले असतात. त्याच पद्धतीतील ‘एए’ ही ओल्या रस्त्याची श्रेणी सरळ रेषेतील घसरत्या चाकावर मोजतात; वळणाबद्दल ती काहीच सांगत नाही. युरोपीय लेबलवरील ओल्या पकडीची श्रेणी अधिक उपयोगी, पण ती नव्या टायरची असते. झिजलेल्या टायरचीही ओली पकड तपासण्याची अट युरोपात नव्या टायर-प्रकारांना २०२४ पासून लागू झाली, ही या क्षेत्रातील फार मोलाची सुधारणा आहे.

बगलेवर कधी कधी गाडीच्या कंपनीचीही खूण असते : पोर्शेची ‘एन ०’, ‘एन १’, बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजची ‘एमओ’. त्याच नावाच्या सर्वसाधारण टायरहून या टायरची बांधणी किंवा रबर थोडे वेगळे असते. पोर्शे ९११ सारख्या, मागे इंजिन आणि पुढे-मागे वेगळी मापे असणाऱ्या गाडीत ही खूण पाळावी. तिथे पुढच्या-मागच्या पकडीचा तोल बिघडवणे महागात पडते. मग कंपनीने मंजूर केलेला टायर कायमचा सर्वोत्तम मानावा का? पोर्शेच्याच करेरा जीटीचा दाखला याचे उत्तर देतो. २००४ मध्ये वॉल्टर रोर्ल यांनी न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर ती ७ मिनिटे २८.७१ सेकंदांत फिरवली होती. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, याच गाडीसाठी नव्याने तयार केलेल्या मिशलाँ टायरांवर यॉर्ग बेर्गमाइस्टर यांनी ७ मिनिटे १२.६९ सेकंदांची वेळ दिली. सोळा सेकंद, आणि ते प्रामुख्याने रबरामुळे. खूण पाळावी, पण त्या खुणेचा आज उपलब्ध असलेला सर्वांत नवा टायर घ्यावा.

याच गाडीशी जोडलेली एक दुःखद नोंदही टायरनिवडीत विसरू नये. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा क्लॅरिटा येथे करेरा जीटीच्या अपघातात अभिनेते पॉल वॉकर आणि गाडीचा चालक मरण पावले. तपासात कारण अतिवेग ठरले. टायर नऊ वर्षांचे होते, हेही अहवालात नमूद झाले. दोष टायरांवर ढकलण्यासाठी हे सांगायचे नाही. स्पोर्ट्‌स कार वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच चालते, तिच्या टायरची नक्षी नवीकोरी दिसते, आणि आत रबर मात्र कडक होत गेलेले असते. डोळ्यांना ते दिसत नाही. त्यासाठी बगलेवरील शेवटचे चार आकडे पाहावेत : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासणी आणि दहाव्या वर्षाआधी बदल ही बाहेरची हद्द झाली. जोरात चालणाऱ्या गाडीने सहाव्या-सातव्या वर्षीच टायर बदलावेत. थंड देशांत आणखी एक बंधन येते. तपमान ७° से.च्या खाली गेले की उन्हाळी रबर आखडते, म्हणून तिथे हिवाळ्याचा वेगळा संच ठेवतात.

टायर जोडीने बदलावेत, शक्यतो चारही एकदम. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत मागचे टायर लवकर संपतात, म्हणून फक्त मागे वेगळ्या नावाचा, जास्त चिकट टायर लावला जातो आणि ओल्या वळणावर गाडी पुढून सरळ निसटू लागते. पुढे नवे आणि मागे गोटा, ही उलट स्थिती त्याहून धोक्याची. त्यात मागची बाजू सुटते. नवी खोल नक्षी मागे असावी, हा बहुतेक टायर कंपन्यांचा सल्ला त्यासाठीच आहे. झीज तपासताना गाडीखाली वाकून टायरची आतली कड पाहावी. स्पोर्ट्‌स कारची चाके वरून थोडी आत झुकवलेली असतात. बाहेरून चार मिमी. नक्षी दिसत असताना आतल्या कडेला तारा उघड्या पडलेल्या असू शकतात. तसे असेल तर नवे टायर चढवण्याबरोबर अलाइनमेंटही करून घ्यावी.

भारतातील मालकाला उपलब्धतेची अडचण वेगळी आहे. जून २०२० पासून मोटारीच्या नव्या टायरांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही, आणि विक्रीच्या टायरवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. त्यामुळे अनवट मापाचा हवा तो टायर हव्या त्या वेळी मिळेलच असे नाही, आणि मिळाला तर तो गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला असू शकतो. अशा वेळी माप किंवा भारक्षमतेत तडजोड करण्यापेक्षा, भारक्षमता आणि वेगचिन्ह जुळणारा, रस्त्यासाठीचा दुसऱ्या चांगल्या कंपनीचा पूर्ण संच घेणे बरे. मागणी पावसाळ्याच्या दोन महिने आधी नोंदवावी, आणि माल आल्यावर चारही टायरांवरील तारखेचे आकडे वाचून मगच ते रिमवर चढवायला द्यावेत. एकदा चढवलेला टायर दुकानदार सहसा परत घेत नाही.