बांध दुसऱ्याच्या हद्दीत

कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरला मराठी माणूस गेलाच, तर तो बहुधा सद्गुरुस्वामींच्या मठासाठी जातो. दाक्षिणात्य भजनपरंपरेला शिस्त लावणारे हे सत्पुरुष दुसऱ्या सरफोजीराजांचे समकालीन. मठाचे दर्शन झाले की सभोवतालची भातशेतीही पाहावी. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला तेथे वेगळाच प्रश्न पडतो: या पाण्यावर सत्ता कोणाची होती?

पाणी कावेरीचे. तिरुचिरापल्लीजवळ नदी दुभंगते. उत्तरेकडील कोल्लिडमचे पात्र अधिक खोल असल्याने पाण्याची ओढ तिकडे, आणि तिकडे गेलेले पाणी तंजावरच्या दृष्टीने समुद्रार्पणच. श्रीरंगम बेटाच्या पूर्व टोकाशी दोन्ही प्रवाह पुन्हा जवळ येतात. तेथे कावेरीचे पाणी अडवून धरणारा बांध म्हणजे कल्लणै. परंपरा तो करिकाल चोळाचा मानते.

व्यंकोजीराजांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतले. शेती मराठ्यांची झाली, बांधाचा भाग मात्र पुढे अर्काटच्या नवाबाच्या ताब्यात गेला. तंजावरचे राजे बांधाची डागडुजी पूर्वापार करीत. 1760च्या दशकात, तुळजाराजांच्या कारकीर्दीत, नवाब मुहम्मद अलीने हरकत घेतली: भूमी माझी, तेव्हा दुरुस्तीही माझीच. स्वतः तो दुरुस्ती करीना, दुसऱ्यास करू देईना. (अशी टिपणी आपण सर्वांनीच कधी ना कधी वाचली आहे!) सैन्य न हलविता प्रांत कोरडा पाडण्याचा हा उपाय होता. अखेर मद्रासच्या इंग्रजांनी मध्यस्थी करून दुरुस्तीचा हक्क तंजावरचा ठरविला. वहिवाटीने मिळालेला हक्क आता परक्याच्या निवाड्यावर उभा राहिला, हे मला त्यातले खरे नुकसान वाटते. त्याच कंपनीच्या फौजेने 1773 मध्ये नवाबासाठी तंजावर जिंकले. 1776 मध्ये ते तुळजाराजांना परत मिळाले.

1799 च्या तहाने सरफोजींनी मुलखाचा कारभार कंपनीस दिला. 1801 मध्ये कर्नाटकही तिच्याकडे गेल्यावर बांध आणि शेती एकाच सरकारची झाली. 1804 मध्ये कॅल्डवेलने कल्लणैची उंची वाढविली. 1836 मध्ये आर्थर कॉटनने वरच्या अंगाला, जेथे नदी दुभंगते तेथे, नवा बंधारा घातला. वाद तेथे मिटला आणि नदीच्या उगमाकडे सरकला: मद्रास व म्हैसूर यांचे करार 1892 आणि 1924 चे, तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2018 चा.