दाहोमी : गुलामांच्या व्यापारावर उभे राहिलेले राज्य

गुलामगिरी म्हटले की आपल्याला अमेरिका आणि अब्राहम लिंकन आठवतात. पण ज्या किनाऱ्यावरून माणसे जहाजात भरली जात, तेथेही राजे होते, दरबार होते, फौजा होत्या. त्यांपैकी पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी या राज्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

राज्याचा उदय

आजच्या बेनिन देशात, आबोमे येथे १७ व्या शतकात फॉन लोकांचे हे राज्य उभे राहिले. आगाजा या राजाने १७२४ मध्ये आलाडा आणि १७२७ मध्ये विदा जिंकले आणि राज्य समुद्राला भिडले. लढाईत पकडलेले कैदी विदा येथे युरोपीय व्यापाऱ्यांना विकायचे आणि बदल्यात बंदुका, दारू, कापड व कवड्या घ्यायच्या, असा हा व्यवहार होता. बंदुकांच्या बळावर पुढची स्वारी होई आणि तीतून नवे कैदी मिळत. कवड्या हे तेथील चलन होते. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो; तेथे माणसाची किंमत खरोखरच कवड्यांत होत असे.

बंदीचे कायदे

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १८३३ च्या कायद्याने तिच्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरीही रद्द झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मात्र त्यातून वगळला होता. आपल्याकडे तसा कायदा १८४३ मध्ये आला.

आमचे आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे आमची नजर हिशेबावर जाते. १८३३ च्या कायद्यानुसार २ कोटी पौंड नुकसानभरपाई ठरली. ती मिळाली मालकांना. गुलामांना एक छदामही मिळाला नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली अनेकांना १८३८ पर्यंत जुन्या मालकाकडेच राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली.

बंदीनंतरचे दाहोमी

गेझो राजाच्या काळात (१८१८–१८५८) ब्रिटिश आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली. १८५२ मध्ये त्याने व्यापार थांबवण्याच्या करारावर सही केली, पण व्यापार पुरता थांबला नाही. युरोपात साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांच्या वंगणासाठी पामतेलाला मागणी होती, म्हणून राज्य हळूहळू त्याकडे वळले. मात्र पामच्या बागांत राबणारे हातही बऱ्याच अंशी कैद्यांचेच होते. त्यांना जहाज चुकले, गुलामी चुकली नाही.

अमेरिकेने १८०८ पासून गुलाम आणण्यास बंदी केली होती. तरीही १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ हे जहाज विदा येथून शंभराहून अधिक माणसांना घेऊन चोरून अलाबामाला पोहोचले.

शेवट

१८९४ पर्यंत फ्रान्सने दाहोमी जिंकले. राजा बेहान्झिन याला मार्टिनिक बेटावर हद्दपार केले. तो १९०६ मध्ये अल्जीरियात वारला. फ्रेंच फौजेने लुटून नेलेल्या राजवाड्यातील २६ वस्तू २०२१ मध्ये बेनिनला परत मिळाल्या. आबोमेचे राजवाडे १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

घरातील मुले इतिहासाच्या पुस्तकात ‘गुलामगिरी रद्द झाली’ असे वाचतील, तेव्हा त्यांना दोन प्रश्न जरूर विचारायला सांगावेत, असे आम्हाला वाटते : पैसे कोणाला मिळाले, आणि प्रत्यक्षात सुटका कोणाची झाली?