जावा, पायथन की सी प्लस प्लस? इंदूरला शिकायला जाणाऱ्यांसाठी तुलना

बऱ्हाणपूर, खंडव्यापासून जळगाव-धुळ्यापर्यंतची मुलं इंजिनिअरिंग आणि बीसीएसाठी इंदूर गाठतात. तिथे एसजीएसआयटीएस, देवी अहिल्या विद्यापीठ आणि आयआयटी आहे. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसचे कॅम्पस आहेत. क्लासची फी भरण्याआधी घरोघरी एकच प्रश्न असतो : पहिली भाषा कोणती?

ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे काय?

इंदूरची सिटी बस घ्या. ‘बस’ हा कागदावरचा नमुना म्हणजे क्लास. त्यात मार्ग, आसनं ही माहिती आणि ‘तिकीट दे’ यासारखी कामं असतात. रस्त्यावरची प्रत्येक बस म्हणजे ऑब्जेक्ट. इलेक्ट्रिक बससाठी सगळं परत लिहायचं नाही. ‘बस’चे गुण वारशाने येतात, बॅटरीचं तेवढं नवं लिहायचं. ही कल्पना नॉर्वेत १९६७ च्या सिम्युला भाषेतून पुढे आली.

सी प्लस प्लस (१९८५)

बळ : वेग. मोठे गेम, ब्राउझर यात आजही तीच. कमजोरी : मेमरी सांभाळायची जबाबदारी बरीचशी प्रोग्रामरवर. एखादी बस मेमरीतून काढून टाकली आणि तिचा जुना पत्ता चुकून वापरला, तर प्रोग्राम कोसळतो किंवा गुपचूप चुकीचं उत्तर देतो. हॅकरना अशाच फटी हव्या असतात. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये शक्य तिथे मेमरी-सुरक्षित भाषांकडे वळण्याचा सल्ला दिला.

जावा (१९९५)

बळ : शिस्त. नको असलेली मेमरी आपोआप मोकळी होते. आसनांच्या जागी आकड्याऐवजी अक्षरी ‘चाळीस’ लिहिलं, तर प्रोग्राम चालण्याआधीच चूक दाखवली जाते. दहा-वीस जण एकाच कामावर असले की ही कडक शिस्त फार उपयोगी पडते. बँका आणि मोठ्या कंपन्यांत जावा म्हणूनच टिकून आहे. कमजोरी : छोट्या कामालाही लांबण लागते, मेमरीही जास्त खाते.

पायथन (१९९१)

बळ : सोपेपणा. कमी ओळींत काम होतं. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला हीच आहे. डेटा आणि एआयमध्ये तिचाच जोर. कमजोरी : वेग कमी. अक्षरी ‘चाळीस’ ती मुकाट्याने ठेवून घेते. चूक कळते ती तिकीट देताना, आसनांतून एक वजा करायची वेळ आल्यावर. क्लासमधली खासगी माहितीही केवळ संकेताने खासगी, कुलूप नाही.

सी शार्प (२०००)

मायक्रोसॉफ्टची भाषा, शिस्त जावासारखीच. युनिटीवर गेम करायचे तर हीच लागते. पूर्वी विंडोजपुरती मानली जाई, पण २०१६ च्या डॉट नेट कोअरनंतर लिनक्स आणि मॅकवरही सहज चालते.

मग काय निवडावं?

डेटा-एआय करायचं तर पायथन, कंपन्यांची मोठी सॉफ्टवेअर करायची तर जावा किंवा सी शार्प, यंत्राच्या जवळचं काम आवडत असेल तर सी प्लस प्लस. क्लास, ऑब्जेक्ट, वारसा एकदा नीट समजला की दुसरी भाषा पहिलीइतकी जड जात नाही. तेव्हा ‘हीच भाषा शिकलात तरच नोकरी’ असं कुणी सांगितलं, तर घाई करू नका. पायथन आणि जावा दोन्ही फुकट मिळतात. बसचा हाच छोटा प्रोग्राम दोन्हींत लिहून बघा, मगच फी भरा.