एका जादा अक्षराचा इतिहास

जन्माच्या वेळी बाळात काही वावगे दिसत नाही. पहिल्या वर्षात मात्र डोक्याचा घेर झपाट्याने वाढतो. मूल उशिरा चालते, चालताना तोल जातो, पुढे आकड्या येऊ लागतात. स्नायू ताठरत जातात आणि अनेकांना किशोरवयातच चाकाची खुर्ची घ्यावी लागते. बुद्धी त्यामानाने दीर्घकाळ शाबूत राहते. एमआरआयमध्ये मेंदूचे श्वेतद्रव्य सर्वत्र सुजलेले दिसते आणि कानशिलांच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या पोकळ्या, म्हणजे सिस्ट, आढळतात. सुरुवातीच्या वर्षांत प्रतिमा इतकी भयावह असते की समोर हसतखेळत बसलेल्या मुलाशी तिचा मेळच बसत नाही.

भारतातील अशा रुग्णांचे वर्णन 1991 साली मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. स्कॅन वाचण्याबरोबरच त्यांनी कुटुंबांची चौकशी केली, तेव्हा बहुतेक रुग्ण अगरवाल समाजातले असल्याचे ध्यानात आले. 1995 साली नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डेर क्नाप यांनी आठ मुलांमधील अशाच विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. 1996 साली सिंघल यांचा सविस्तर निबंध आला. आज हा आजार ‘एमएलसी’ किंवा ‘व्हान डेर क्नाप विकार’ या नावांनी ओळखला जातो.

2001 साली बाविसाव्या गुणसूत्रावरील ‘एमएलसी1’ हे जनुक त्याच्या मुळाशी असल्याचे सिद्ध झाले. मेंदूतील रक्तवाहिन्यांना वेढणाऱ्या तारकापेशींत या जनुकाचे प्रथिन असते आणि पाणी व क्षार यांचा समतोल राखण्यात त्याचा वाटा असतो. तो समतोल ढळला की श्वेतद्रव्यात पाणी साचते. 2004 साली अगरवाल रुग्णांच्या जनुकात एकच समान बिघाड सापडला: सायटोसीनचे एक जादा अक्षर. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. मध्येच एक अक्षर घुसले की पुढचे सारे गट सरकतात आणि प्रथिन अर्धवट राहते.

अगरवाल समाजात सगोत्र विवाह वर्ज्य मानला जातो. मग हा दोष आईवडील दोघांकडूनही कसा येतो? गोत्राचा नियम पित्याच्या वंशापुरता पाहतो. विवाह मात्र पिढ्यान्‌पिढ्या ज्ञातीच्या आतच होत आले. कोणे एके काळी एका पूर्वजात उद्भवलेले ते अक्षर सर्व गोत्रांत शांतपणे पसरले. त्याची एकच प्रत असलेली व्यक्ती निरोगी असते. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

ही एकाच समाजाची कहाणी समजणे चूक ठरेल. आंध्रातील वैश्य समाजात भुलेतील एक औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळण्याचा आनुवंशिक दोष अधिक आढळतो. 2017 साली हैदराबादच्या सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील 81 समूहांवर मोजक्या पूर्वजांची छाप अश्केनाझी ज्यू आणि फिनिश लोकांपेक्षाही गडद निघाली.

एमएलसी बरा करणारे औषध आज नाही. आकड्यांवर उपचार होतात. डोक्याला किरकोळ मार लागूनही प्रकृती एकाएकी ढासळू शकते, म्हणून मुलांना जपावे लागते. मात्र नेमका बिघाड ठाऊक असल्यामुळे वाहकांची तपासणी एका साध्या जनुकीय चाचणीने होऊ शकते. ती चाचणी आईवडिलांच्या, विशेषतः सुनेच्या, माथी दोष मारण्याचे साधन होऊ नये. ते अक्षर कोणी निवडलेले नाही. विवाहापूर्वी पत्रिका जुळवणाऱ्या आपल्या समाजाला, रक्ताची एक तपासणीही तितक्याच सहजतेने आणि कुणालाही न हिणवता करून घेणे जमायला हवे.