ट्रकचा रंग, जवस आणि कापूस

नागपुरातून अमरावती रस्त्याने वाडीकडे निघालो की ट्रक दुरुस्तीची दुकाने लागतात. त्यातल्या एका जुन्या पाटीवर 'डेंटिंग, पेंटिंग' या शब्दांखाली 'ड्युको' असे लिहिलेले आम्हाला दिसले. ड्युको म्हणजे काय, असे रंगाऱ्याला विचारले. "फवाऱ्यानं मारायचा अन् लगेच सुकणारा रंग," तो म्हणाला. व्याख्या चोख होती. पण हा शब्द मुळात अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या एका मालाचे नाव आहे. तो माल 1923 साली बाजारात आला आणि मोटारींचे रंग बदलले. दुकानाच्या मागे फार्गो ट्रकचा एक गंजका दरवाजा पडला होता. अमेरिकन ट्रकला कारखान्यातच कोणकोणते रंग मिळत आणि का मिळत, हा प्रश्न आम्हाला त्या दरवाजाने घातला.

सुरुवात 1925 पासून करू. त्या वर्षी एप्रिलमध्ये फोर्डने मागे माल ठेवायचा उघडा हौदा असलेली पहिली तयार पिकअप गाडी विकायला काढली. किंमत 281 डॉलर, रंग काळा. दुसरा रंग मागून मिळत नसे. गंमत म्हणजे 1908 साली आलेली फोर्डची मॉडेल टी मोटार पहिल्या काही वर्षांत लाल, हिरवी, करडी अशी मिळत होती. 1914 ते 1925 या काळात मात्र ती फक्त काळी होती. काळा रंग लवकर वाळतो म्हणून, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. ते समजायला आधी रंग वाळतो म्हणजे काय होते, हे पाहावे लागेल.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. काचेच्या तीन पट्ट्या घ्या. एकीवर जवसाचे तेल, दुसरीवर शेंगदाण्याचे तेल आणि तिसरीवर नेलपॉलिश यांचा अगदी पातळ थर द्या. नेलपॉलिश काही मिनिटांत कोरडे होते. शेंगदाण्याचे तेल महिनाभरानेही चिकटच राहते. जवसाच्या तेलाचा मात्र काही दिवसांनी कोरडा, लवचीक पापुद्रा बनतो. प्रयोगशाळेतल्या संवेदनशील तराजूवर ही पट्टी आधी आणि नंतर तोलली तर वजन कमी न होता वाढलेले आढळेल. ओला कपडा वाळताना वजन घटते, इथे उलटे होते. कारण जवसाच्या तेलातून काही उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेते. या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते आणि त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजनच्या मदतीने या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि जाळे तयार होते. (एक सूचना: जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका. या क्रियेत उष्णता बाहेर पडते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या पाण्यात भिजवून, पसरून वाळवा.)

ही सगळी सामग्री आपल्या घरची आहे. नागपूर आणि भंडारा भागात रब्बीत जवस पेरायची रीत जुनी आहे. इंग्रजी अमलात मध्य प्रांतातून जवस मोठ्या प्रमाणात परदेशी जाई, कारण तिकडच्या रंगांना आणि वार्निशांना तेल हवे असे. तेल लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घालतात. रंगारी त्याला ड्रायर म्हणतात. शिसे, कोबाल्ट आणि मँगनीज हे त्यातले मुख्य धातू. मँगनीजच्या खाणी रामटेकजवळ मनसरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. याच मँगनीजच्या धंद्यात पैसा मिळवलेले कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला मोठी देणगी दिली. त्यातून 1942 साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. तेले आणि रंगलेप यांचे तंत्रज्ञान तिथे शिकवले जाते. आपल्याकडून बी आणि दगड जाई, आणि डबाबंद रंग परत येई. या व्यवहारात नफा कोणाकडे राहिला, हे हिशेबाच्या तासाला काढण्यासारखे आहे.

आता पुन्हा काळ्या रंगाकडे. तेलाचा रंग मोटारीवर थरावर थर देऊन लावत. प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा द्यायचा. एक गाडी रंगायला दोन-तीन आठवडे सहज जात. रोज हजार गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात रंगाला वीस दिवस लागले, तर किती गाड्या छपराखाली उभ्या राहतील? गुणाकार मुलांनाच करू द्या. फोर्डने यातून वाट काढली ती भट्टीची. डांबराच्या जातीचा खनिज पदार्थ तेलात मिसळून केलेले काळे इनॅमल भट्टीत भाजले की काही तासांत टणक होते. पांढरा किंवा पिवळा तेलरंग असा भाजला तर तेलच पिवळे-तपकिरी पडते आणि रंग बिघडतो. काळ्याला ती भीती नाही. म्हणजे काळा स्वभावतः लवकर वाळतो असे नव्हे, तर तो भाजणे सोसतो. शिवाय तो स्वस्त आणि टिकाऊ होता.

ही कोंडी फोडली कापसाने. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज बनते. त्यात नायट्रोजन 13 टक्क्यांच्या आसपास वा वर गेला तर ते स्फोटक ठरते, 12 च्या आसपास किंवा खाली ठेवला तर ते द्रावकात विरघळते आणि त्याची लाख बनते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत हे बनवायचे कारखाने रिकामे झाले होते. अडचण एकच होती. द्रावण इतके दाट होई की ते फवारायला खूप द्रावक घालावे लागे आणि अंगावर राहणारा थर अगदी विरळ पडे. 1920 साली ड्यूपॉन्टच्या रसायनज्ञांना हे द्रावण पातळ करण्याची युक्ती सापडली. आता त्यात भरपूर रंगद्रव्य मावू लागले. द्रावक उडून गेला की काम संपले, ऑक्सिजनची वाट पाहायला नको. आपल्या तिसऱ्या पट्टीवरचे नेलपॉलिश हे त्याच कुळातले. जनरल मोटर्सने 1924 च्या ओकलंड मोटारी या नव्या रंगात काढल्या, निळ्या. जवसाच्या फुलाचा रंगही निळाच असतो, पण तो योगायोग.

यासाठी लागणारा कापूस म्हणजे रुई काढून झाल्यावर सरकीवर उरणारी आखूड लव. आपल्याकडे आजही बरीचशी सरकी ही लव न काढताच गाळतात आणि लव ढेपेबरोबर जनावरांच्या पोटात जाते.

मग जवस मागे पडला का? नाही. 1927 च्या सुमारास अल्किड राळ आली. तिच्या रेणूतच जवसासारखे वाळणारे तेल जोडलेले असते. तिचे इनॅमल स्वस्त आणि चिवट असल्याने ट्रकांना तेच सोयीचे पडले. आता रंगांचे तक्ते छापले जाऊ लागले. 1947 साली आलेल्या शेव्हरोले ट्रकांचा नेहमीचा रंग गडद हिरवा होता. पण मोठ्या गिऱ्हाइकाला स्वतःचा रंग मिळे. टेलिफोन कंपनीच्या गाड्या हिरव्या, तर पार्सले पोचवणाऱ्या एका कंपनीच्या गाड्या धूळ दिसू नये अशा तपकिरी. वेगळा रंग मारायचा म्हणजे फवाऱ्याच्या नळ्या रिकाम्या करून धुवायच्या, म्हणून जास्त पैसे पडत. फोर्डच्या अशा गाडीच्या माहितीपट्टीवर रंगाच्या खुणेची जागा कोरी असे आणि खास मागणीचा क्रमांक नोंदलेला असे.

आपल्याकडे गोष्ट उलटी झाली. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच ती गुंडाळली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि फार्गो ट्रक जुळवले. पुष्कळदा मालकाला मिळे ती नुसती चासी. केबिन आणि हौदा सुतार बांधी, रंग रंगारी ठरवी. तिकडे खास मागणी करून मिळे ते इथे प्रत्येक ट्रकला आपोआप मिळाले! सरकारी नियम मात्र आडवे आले. 1989 च्या मोटार वाहन नियमांत राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकला वाळक्या पानाचा तपकिरी रंग आणि पांढरी किनार सांगितली होती, तर लष्कराचा ऑलिव्ह हिरवा इतर कोणालाही वर्ज्य केला होता.

म्हणून जुन्या ट्रकचा वरचा रंग पाहून त्याचा मूळ रंग सांगता येत नाही. बिजागरीच्या मागे, ऊन न लागलेल्या जागी शोधावे लागते. कोरडे घासणे मात्र टाळा. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर 2016 च्या नियमाने मर्यादा घातली, वाहनांचे रंग तिच्या बाहेर आहेत. दुकानातली पोरे नाकाला फडकेही न बांधता घासतात, ते पाहवत नाही.

त्या फार्गोच्या दरवाजावर आम्ही ओला घोटकागद चालवला. वर तपकिरी, खाली नारिंगी, त्याखाली निळा आणि बिजागरीच्या आड रुपयाएवढ्या जागेत हिरवा. रंगाऱ्याने थिनरचा बोळा त्यावर धरला. लाख असती तर विरघळून कापसाला लागली असती. हिरवा थर सुरकुतला, पण बोळा पांढराच राहिला. "तेलाचा हाये," रंगारी म्हणाला आणि बोळा फेकून कामाला लागला.